नानांच्या वाट्याच्या मुठी

शहाण्या माणसांचा मला भयंकर राग आहे. मूर्खांचं एक बरं असतं, सुई टोचली की ते ओरडतात आणि घरी जातात. शहाणा माणूस हात पुढे करतो, सुई कशी टोचायची ते मला शिकवतो, आणि आकडा वर आला की तुमचं मशीन बिघडलंय म्हणतो. वीस वर्षं झाली मी लोकांचं रक्त काढतोय. धुळ्याला देवपुरात माझी लहानशी लॅब आहे. या वीस वर्षांत मला भेटलेला सगळ्यात शहाणा माणूस म्हणजे माझा घरमालक. खाली माझी लॅब, वर ते. सुटका नाही.

गल्ली त्यांना नाना म्हणायची. मीही म्हणायचो, तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचो ते लिहायची सोय नाही.

नाना वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. निम्मी नोकरी जळगाव जिल्ह्यात गेली. माझं गाव सावदा, त्याच जिल्ह्यातलं. मी वडिलांना म्हटलं, देवपुरात जागा मिळाली, मालक असे असे आहेत. वडिलांनी लगेच ओळखलं. "तो व्हय? डोळे मिटून वजन उचलणारा?" आमच्या बाजारात केळीवाल्यांपासून किराणावाल्यांपर्यंत सगळे या माणसाला टरकून होते. दुकानात शिरायचं, पाच किलोचं लोखंडी वजन हातात घ्यायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बारा ग्रॅम कमी." मग ते सरकारी काट्यावर ठेवायचं. बारा नाहीतर तेरा निघायचं. मग पंचनामा, पंच म्हणून शेजारच्या दोन दुकानदारांच्या सह्या, तार आणि शिशाचं सील. ज्याचं दुकान बंद झालं तो रडायचा, ज्यांनी सह्या केल्या ते त्याहून जास्त रडायचे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसायचं असायचं.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खाज गेली नव्हती. भाड्याचा करार करायला मी वर गेलो तर माझ्या हातातलं पेन घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "नऊ ग्रॅम." मी म्हटलं असेल. तर म्हणे, असेल नाही, आहे. अंदाज हा गुन्हा आहे.

हे त्यांचं आवडतं वाक्य. रिक्षावाला म्हणाला पाच मिनिटांत येतो, तर नाना विचारायचे, चार की सहा? भाजीवालीने वर चार मिरच्या टाकल्या तर त्या परत द्यायचे, कारण त्या मापात नव्हत्या. नानी, म्हणजे त्यांची बायको, बिचारी चाळीस वर्षं भाजीत मीठ चमच्याने मोजून टाकत आली. मुलगा पुण्याला पळाला. पळाला हा माझा शब्द, ते नोकरीला गेला म्हणायचे.

त्या घरात माणूस म्हणावं असं एकच माणूस होतं, नानांची आई. तिला सगळे अक्का म्हणत. ऐंशी कधीच ओलांडलेली, वजन अडतीस किलो. हे मला माहीत आहे कारण नानांनी माझ्या लॅबच्या काट्यावर दर महिन्याला तिला उभं करून ते जाहीर केलं होतं. अक्का सकाळी माझ्या पायरीवर उन्हाला बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला अहिराणीत विचारायची की कुठला, कोणाचा, काय झालं. माझ्या लॅबची निम्मी माणसं तिच्यामुळे टिकली. उरलेली निम्मी नानांमुळे गेली, ते पुढे सांगतो.

निवृत्त माणसाने गप घरी बसावं ना. नाना दळण आणायला चक्कीवर गेले. तिथलं पाच किलोचं वजन उचललं, डोळे मिटले आणि ते हातातून सटकून पायाच्या अंगठ्यावर पडलं. चक्कीवाला घाबरून पाणी घेऊन धावला. हे गृहस्थ लंगडत उठले, तेच वजन काट्यावर ठेवून पाहिलं आणि म्हणाले, बरोबर आहे. नख उखडलं होतं, चप्पल रक्ताने भरली होती, आणि याला समाधान कशाचं, तर वजन बरोबर असल्याचं.

हसण्यावारी नेता आलं नाही, कारण नानांना आठ वर्षांपासून साखर होती. गोळ्या चालू, तरी उपाशीपोटी दोनशे नव्वद. इकडे तिकडे हलायचं नाव नाही. जखम महिना झाला तरी ओलीच. आणि त्या घरात पायाच्या अंगठ्याला जखम म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. नानांचा थोरला भाऊ गावाकडे शेती करायचा. त्यालाही हीच साखर. त्याच्या टाचेला काटा रुतला, मग बोट गेलं, मग गुडघ्याखालचा पाय गेला, आणि वर्षाच्या आत तो माणूसच गेला. अक्काने ते सगळं उशाशी बसून पाहिलेलं. डॉक्टरांनी नानांना स्पष्ट सांगितलं की दोन-तीन महिन्यांत साखर उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर अंगठा काढावा लागेल, आणि तिथेच थांबेल असं मी लिहून देणार नाही.

कोणीही माणूस घाबरला असता. नानांनी काटा काढला.

जेवणाच्या टेबलावर तराजू ठेवला आणि ठरवलं की एका वेळेला दोनशे ग्रॅम. काहीही असो, दोनशे ग्रॅम. वांग्याचं भरीत दोनशे ग्रॅम, तशी भाकरीही दोनशे ग्रॅम. ज्वारीची भाकरी साखरेला चालते असं कोणीतरी सांगितलेलं, म्हणून पोळी सोडून भाकरी धरली आणि मोजून चापली. महिनाभर रोज सकाळी खाली येऊन माझ्यासमोर बोट धरायचे. दोनशे चौऱ्याऐंशी. दोनशे शहाण्णव. दोनशे एकोणऐंशी. आधी माझं मशीन खोटं ठरलं. मग पट्ट्या जुन्या ठरल्या. मग मी बोट जास्त दाबतो असं निघालं. एक दिवस खरंच कागद घेऊन आले, माझ्या मशीनचा पंचनामा करायला.

शेवटी डॉक्टरांनीच हात जोडले. म्हणाले, नाना, वजन नका मोजू, साखर कशाची होते ते मोजा. पोळी, भात, बटाटा, केळं, गूळ, शेव, सगळ्याची साखर होते. ज्वारीचीसुद्धा होते. पालेभाजी खा, वांगी, गिलकी, दोडकी खा, अंडी, पनीर, दाणे खा, डाळ बेताने. आणि साखर उतरायला लागली की गोळ्या मी कमी करेन, तुम्ही आपल्या मनाने हात लावायचा नाही. साधी गोष्ट होती. दुसऱ्या कोणी ऐकली असती, पाळली असती आणि गप्प बसला असता.

यांना साक्षात्कार झाला. साखरेचा डबा, तांदळाचा डबा, ज्वारीची कोठी, सगळ्याला तार आणि शिशाचं सील. सील ठोकायचं जुनं सामान यांनी घरी कशासाठी ठेवलं होतं देव जाणे. रीतसर पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून सही करायला मला वर बोलावलं. मी म्हटलं नाना, घरातल्या डब्याला पंच कशाला? तर म्हणे, ज्याने पाहिलं त्याने सही करायची. पाहिलं आणि सही केली नाही तर तोही गुन्ह्यात. मी सही केली. नानी दारात उभी राहून पदराआड हसत होती. नंतर दोन दिवसांनी तिने डब्याचं झाकण न उघडता खालची पत्र्याची पट्टी सरकवून अक्कासाठी चहाची साखर काढली, तेही मी पाहिलं. त्यावर सही केली नाही.

मग नाना माझ्या लॅबमध्ये बसायला लागले. रक्त द्यायला आलेली माणसं उपाशीपोटी आधीच वैतागलेली असतात, त्यांच्यासमोर हे प्रवचन. रात्री काय खाल्लं? किती खाल्लं? एका गृहस्थांच्या पिशवीत शेवभाजीचं पार्सल होतं. नानांनी त्यातली शेवेची पुडी काढून तळहातावर तोलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, साठ ग्रॅम, आणि बेसन म्हणजे डाळ समजू नका, ते पीठच आहे. ते गृहस्थ पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. गल्लीतल्या एकेकाला धरून आणून यांनी बोट टोचून घ्यायला लावलं. दूधवाला, इस्त्रीवाला, समोरच्या निवृत्त मास्तरीणबाई, कोणी सुटलं नाही. जाडा दिसला की धरला. वजन बघून माणूस ओळखायचा, चाळीस वर्षांची सवय.

जळगावला एका लग्नात तर यांनी हद्द केली. जेवणात भरीत-पुरी. नानांनी शेजाऱ्याला आपल्या पुऱ्या दिल्या आणि बदल्यात त्याचं भरीत मागितलं. एवढ्यावर थांबले असते तर नाना कसले? दोन पुऱ्यांना शंभर ग्रॅम भरीत हा भाव ठरवून त्यांनी सगळी पंगत पालथी घातली आणि शेवटी नवरदेवाच्या बापाच्या ताटातलं भरीत उचललं. ते मला नानीने सांगितलं. तिला त्या दिवशी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालेलं.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, आणि मला ती कबूल करताना आजही त्रास होतो. साखर उतरली. दोनशे नव्वदवरून दोनशे दहा, मग एकशे ऐंशी, मग एकशे पन्नास. मशीन तेच, पट्ट्या त्याच, दाबणारा मीच. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या कमी केल्या. अंगठ्यावर कोवळी कातडी धरायला लागली. रोज सकाळी आकडा सांगताना मला वाटायचं की एकदा तरी तीनशे येऊ दे. आला नाही.

मग श्रावण लागला. श्रावणात त्या घरात अंडं शिजत नाही, अक्काचा तसा दंडक. नानांनी वाद घातला नाही, ते खिशात दोन अंडी घालून माझ्या लॅबमध्ये आले आणि माझ्या काचेच्या बीकरमध्ये, माझ्या शेगडीवर उकडायला ठेवली. रक्ताच्या बाटल्यांच्या शेजारी. एका बाईंनी विचारलं, ही कसली तपासणी? मी म्हटलं, प्रोटीनची. काय बोलणार? महिनाभर माझी लॅब अंड्यासारखी वासत होती.

आणि श्रावणातच कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसते, सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याचं जे दळण असतं त्याला रोट म्हणतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मोजून गहू काढायचे. कोणाकडे सव्वा मूठ, कोणाकडे सव्वा शेर. नानांच्या घरी माणशी सव्वा पाच मुठी. मुठी घरातल्या थोर बाईच्या हाताच्या, पण बाईमाणसाच्या नावाची मूठ नसते. चक्कीवाला त्या दिवशी चक्की धुऊन पुसून ठेवतो. त्या पिठाच्या पुरणपोळ्या होतात, खीर होते, आणि ते सगळं कुळातल्या माणसांनीच खायचं. परक्याला घास द्यायचा नाही, टाकायचं नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचं. मी भाडेकरू, म्हणजे परका. त्या आठवड्यात वरून नुसता वास यायचा.

शनिवारी सकाळी अक्का अंगणात परात घेऊन बसली होती. गावाहून पुतण्या आलेला, थोरल्या भावाचा मुलगा. त्याच्या नावाचे झाले, पुण्याच्या मुलाचे झाले, नातवाचे झाले. चौथ्याला अक्काने मूठ भरली तेव्हा नाना पुढे आले आणि म्हणाले की माझ्या नावाचे काढू नको. मी यंदा खाणार नाही, एक पोळी खाल्ली तर सगळ्या महिन्यांवर पाणी पडेल.

मी पायरीवर उभा होतो. अक्काचा हात परातीवरच थांबला. ती चिडली नाही, रडलीही नाही.

"मूठ जित्ता माणूसनी राहस," ती म्हणाली. "मोठानी बंद व्हयनी. तुनी मी कशी बंद करू?"

जिवंत माणसाची मूठ असते. थोरल्याची बंद झाली, तुझी मी कशी बंद करू? एवढंच तिचं म्हणणं. यावर दुसरा कोणी मुलगा गप्प बसला असता, किंवा आईच्या समाधानासाठी मूठ घेऊ दिली असती आणि घासभर खाल्लं असतं. पण हे निरीक्षक. म्हणाले, मूठ हे माप कायद्यात नाही. कधी कमी, कधी जास्त, नुसता अंदाज. आणि आतून काटा आणला. तेवढ्यात अक्काने चौथ्याही सव्वा पाच मुठी पुऱ्या केल्या. आईने चार माणसांच्या नावाने काढलेले गहू एकेक करून तोलले.

दोनशे ऐंशी. दोनशे एक्क्याऐंशी. दोनशे ऐंशी. दोनशे एक्क्याऐंशी.

पुन्हा तोलले. तेच. ऐंशीच्या पुढच्या बाईचा थरथरता हात, आणि फरक एका ग्रॅमचा.  नानांनी खिशातली डायरी काढून आकडा टिपून ठेवला. आईकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथा वाटा परातीत राहिला आणि खायचं कोणी हा प्रश्न उरला.

"तू खाऊ नको," अक्का म्हणाली. "मी खाई लिसू."

मी खाऊन घेईन. ज्याच्या नावाची मूठ मी काढली ती मीच संपवेन. आणि नाना, ज्यांनी गल्लीतल्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या बोटातून रक्त काढवलं होतं, ते हो म्हणाले. बरं झालं, प्रश्न मिटला, असंच त्यांना वाटलं असणार. अडतीस किलोची म्हातारी, चार पोळ्या जास्त खाल्ल्या तर अंगाला लागतील.

गुरुवारी सकाळी अक्का एकटी खाली आली. लॅबमध्ये अजून कोणी नव्हतं. पायरीवर न बसता थेट आत आली, खुर्चीवर बसली आणि बोट पुढे केलं.

"भाऊ, मोरीमा मुंग्या लागतस," ती म्हणाली.

लघवीला मुंग्या लागतात म्हणजे काय हे आमच्याकडच्या कोणत्याही म्हातारीला कळतं. थोरल्या मुलाच्या वेळी तिला तेच दिसलेलं. मी टोचलं. चारशे छत्तीस. दुसऱ्या बोटाला टोचलं. तेच. ही साखर चार दिवसांची नव्हती, वर्षांची असणार, पण चार दिवस पुरण आणि गुळाची खीर खाऊन ती कुठल्या कुठे चढली होती. तोंड सुकलेलं, ओठ फुटलेले. मी म्हटलं अक्का, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. वर जाऊन नानांना सांगतो.

तिने माझं मनगट धरलं. "दोन पोळ्या राह्यन्यात. पुनव व्हऊ दे, मंग सांग. नाव लिखू नको."

पुनव रविवारी होती. माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक तपासणीची नोंद असते, तारीख, नाव, आकडा. मी तारीख लिहिली, चारशे छत्तीस लिहिलं आणि नावाची जागा कोरी ठेवली. ती जिना चढून गेली.

आता इथे मी म्हणू शकलो असतो की म्हातारीच्या शब्दाखातर मी गप्प बसलो. नानीला तसंच सांगितलं होतं. पण मी खोटारडा असलो तरी इतका नाही. मी गप्प बसलो कारण मला मजा वाटली. सगळ्या गल्लीची साखर तपासणाऱ्या माणसाच्या घरात चारशे छत्तीस, आणि ते फक्त मला माहीत. हे मला चारचौघांत सांगायचं होतं, नानांचं तोंड बघायचं होतं. दोन दिवस मी ते वाक्य मनात घोळवलं. त्या दोन दिवसांत अक्काने वर बसून दोन पोळ्या खाल्ल्या.

शनिवारी संधी आली. लॅबमध्ये पाच-सहा माणसं उपाशी बसलेली. नाना आले, अनवाणी, भरलेला अंगठा सगळ्यांना दिसेल असा पुढे करून. त्या दिवशी त्यांची साखर एकशे अठरा. मी आकडा सांगितला मात्र, प्रवचन सुरू झालं. बघा म्हणे, पोळी नाही, भाकरी नाही, कानबाईचा रोटसुद्धा नाही. देवाला भ्यायलो नाही म्हणून पाय राहिला. साखर गेली कुठे? गेली.

"गेली नाही नाना," मी म्हटलं. "तुमच्या वाट्याची साखर वर आहे. अक्कांच्या अंगात. चारशे छत्तीस."

  मला वाटलं होतं की नाना म्हणतील तुमचं मशीन खोटं आहे. त्याला उत्तर मी तयार ठेवलं होतं.

"अडतीस किलोच्या माणसाला?" ते म्हणाले. मग विचारलं, "कधी तपासलं?"

"गुरुवारी."

"आज शनिवार आहे," नाना म्हणाले, आणि जिना चढायला लागले. बरा झालेला पाय होता, तरी कठड्याला धरून चढले.

अक्का चार दिवस दवाखान्यात होती. सलाइन, इन्सुलिन, सगळं झालं. साखर उतरली आणि ती घरी आली. त्यानंतर नाना माझ्या लॅबमध्ये बोट टोचण्यापुरते यायचे. बसायचे नाहीत, कोणाला काही विचारायचे नाहीत. माझी माणसं परत यायला लागली. हे मला हवं होतं ना? मला एवढं काही बरं वाटलं नाही.

वरचं नानी सांगायची. पहिल्या दिवशी नानांनी आईसाठी गिलक्याची भाजी आणि चतकोर भाकरी काट्यावर तोलून ताटात ठेवली. अक्काने ताट सरकवलं. "मापीसन खाऊ घालस का माले?" मोजून खायला घालतोस का मला? नानांनी टेबलावरचा काटा उचलून माळ्यावर टाकला. तेव्हापासून ते तिचं ताट हातानेच वाढायचे. अर्धी भाकरी, घासभर कमी, घासभर जास्त. अंदाजाने. 

माघात एका सकाळी अक्का उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं, साखरेचा संबंध नाही, गेले काही महिने तर साखर चांगली होती. मला ते पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं. नाना डॉक्टरांसमोर मान हलवत होते, पण त्यांना पटलं नव्हतं हे मी तिथे उभा राहून पाहिलं. मला ते त्या दोन दिवसांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पुढचा श्रावण आला. वर्ष व्हायचं होतं, पण भावबंद म्हणाले कानबाईत खंड नको. शनिवारी सकाळी परात अंगणात आली. मुठी काढायच्या कोणी? नानी पुढे होणार तोच नाना माळ्यावरून काटा घेऊन आले. पुतण्याच्या कपाळाला आठी पडली. कानबाईचे गहू काट्यावर? नानांनी खिशातली जुनी डायरी उघडून पुढे ठेवली आणि गहू तोलायला लागले. दोनशे ऐंशी. दोनशे एक्क्याऐंशी. मी पायरीवरून बघत होतो. मला आधी हसू आलं, की मेली तरी हा माणूस तिला मापायचं सोडत नाही. मग कळलं की तो तिचा हात होता. तिची मूठ आता फक्त त्या डायरीत उरली होती.

पुतण्याचे झाले, मुलाचे झाले, नातवाचे झाले, स्वतःचे झाले. मग नानांनी पाचवा वाटा तोलायला घेतला. पुतण्या म्हणाला, काका, माणसं चारच. बाईमाणसाची मूठ नसते, आणि गेलेल्याची तर नसतेच. खरंच होतं ते. दोन्ही नियम मोडत होते. आयुष्यभर ज्याने लोकांना ग्रॅमसाठी रडवलं, त्याने मान वर न करता पाचवा वाटा परातीत ओतला.

स्वतःच्या मुठीचं त्यांनी घासभर खाल्लं, उरलेलं नानीने संपवलं. पाचव्या मुठीच्या पोळ्या मात्र कोणाला हात लावू दिल्या नाहीत. पुनवेपर्यंत रोज दोन, एकट्याने.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले. बोट पुढे केलं. दोनशे चौसष्ट. वर्षभरात एवढा आकडा आला नव्हता, आणि गेल्या साली असल्याच आकड्यासाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो. मी म्हटलं नाना, हे काय केलंत, आठ दिवसांत सगळं मातीत. पाय परत धोक्यात घालायचाय का?

"उतरेल," ते म्हणाले. "आजपासून पुन्हा भाजी. लिहून घ्या."

मी लिहिलं. मला वाटलं झालं, आता जातील. तर म्हणाले, मागच्या वर्षीचं रजिस्टर काढा. मी काढलं. त्यांनी श्रावणातली पानं उलटली, बोट फिरवत गुरुवारवर आले आणि थांबले. तारीख होती, आकडा होता, नाव नव्हतं.

"नोंद अपुरी आहे," नाना म्हणाले.

अक्कांनीच सांगितलं होतं नाव लिहू नका म्हणून, असं मी पुटपुटलो. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. या वेळी त्याचं वजन सांगितलं नाही. चारशे छत्तीसच्या आकड्यासमोर कोऱ्या जागेत त्यांनी नाव लिहिलं, अक्काचं नाही, स्वतःचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि पेन वर ठेवलं.

"खाली पंच म्हणून तुमची सही करा," ते म्हणाले. "आणि तारीख गुरुवारची घाला."

मी सही केली. तारीख गुरुवारची घातली.